खिशांतलीं अकरा हत्यारें

अलीकडे आमच्या वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांच्या पाकिटांत एक नवी वस्तु दिसूं लागली आहे. आकारानें ती बँकेच्या कार्डाएवढी किंवा त्याहून किंचित् लहान, अंगानें पोलादी, आणि जाडीला सुमारें दोन मिलिमीटर. तिच्या एका कडेस धार असते, दुसरीस करवतीसारखे दाते. एका कोपऱ्यास डबा उघडण्याची चोंच, दुसऱ्यास स्क्रूड्रायव्हरचें टोंक. मधोमध निरनिराळ्या मापांचीं षट्कोनी भोकें, बाटलीचें बूच काढण्याची खांच, कडेनें सेंटिमीटरच्या रेघा, आणि किल्ल्यांच्या जुडग्यांत अडकविण्यासाठीं एक छिद्र. वेष्टनावर ‘अकरा हत्यारें एकांत’ असें कांहींसें छापलेलें असतें. किंमत म्हणाल तर दोन-चार वह्यांची. मुलें ती मोठ्या कौतुकानें एकमेकांस दाखवितात. गेल्या पालकसभेंत एका गृहस्थांनीं आम्हांस विचारलें कीं, ही वस्तु मुलाला घेऊन द्यावी काय? त्यांच्या शेजारीं बसलेल्या दुसऱ्या गृहस्थांनीं विचारलें कीं, शाळेनें ती जप्त कां करूं नये? दोघांचें एकदम समाधान करणें त्या सभेंत जमण्यासारखें नव्हतें. म्हणून आमचें मत येथें देत आहों.

कांहीं वडील मंडळी हिला आजकालच्या मुलांचें खूळ समजतात. तें म्हणणें अन्यायाचें आहे. अनेक कामें एका वस्तूंत गोळा करण्याची हौस माणसाला फार प्राचीन काळापासून आहे. हडप्पाच्या उत्खननांत कानकोरणें, टोंचणी आणि चिमटा अशा तीन लहान तांब्याच्या उपकरणांचा संच सांपडला आहे; एकत्र अडकवितां यावींत म्हणून त्यांचीं वरचीं टोंकें वळविलेलीं आहेत. केंब्रिज येथील फिट्झविल्यम संग्रहालयांत इ. स. च्या तिसऱ्या शतकांतलें एक रोमन उपकरण ठेविलें आहे. एका चांदीच्या दांड्यास चमचा, कांटा, टोंचा आणि लोखंडी सुरी अशीं हत्यारें बसविलेलीं असून तीं घडी करून मिटतां येत असत. आपल्याकडेही कानकोरणें व दांतकोरणें एका कडींत ओंवून जवळ बाळगण्याची चाल होती, आणि पान खाणाऱ्या गृहस्थाची चंची म्हणजे तर कप्प्याकप्प्यांचें पाकीटच: एका कप्प्यांत पानें, दुसऱ्यांत सुपारी, तिसऱ्यांत चुन्याची डबी, आणि सोबत अडकित्ता. तेव्हां मुलांनीं खिशांत चार उपकरणें बाळगलीं म्हणून जग बुडालें असें नाहीं.

परंतु आमच्या मतें या जातीची सर्वांत हुशार वस्तु आपल्या स्वयंपाकघरांत आहे, आणि तिला कोणी हत्यार म्हणतही नाहीं. आम्ही विळीविषयीं बोलत आहों. विळीच्या पात्याच्या शेंड्यास दातेरी खवणी असते, आणि एकाच पाटावर बसून भाजीही चिरतां येते व नारळही खवतां येतो. हीं दोन कामें एकत्र कां नांदतात याचा विचार आमच्या बालवाचकांनीं कधीं केला आहे काय? भाजी चिरतांना विळी हलतां कामा नये, म्हणून चिरणारी आपल्या अंगाच्या भारानें पाट दाबून धरते आणि दोन्ही हात मोकळे ठेवते. नारळाची वाटी खवतांनाही नेमकें हेंच हवें असतें: खवणी स्थिर, आणि दोन्ही हात वाटीवर. म्हणजे एका कामासाठीं केलेलें अंग दुसऱ्या कामास जसेंच्या तसें उपयोगी पडतें. खवणी आली म्हणून विळीची धार कमी झाली नाहीं, कीं विळी आहे म्हणून खवणीला अडचण झाली नाहीं.

असेंच दुसरें उदाहरण सायकलवाल्याच्या दुकानांत पाहावयास मिळतें. दोन्ही टोंकांस गोळे असलेला, डंबेलसारखा दिसणारा जो पाना असतो, त्याच्या गोळ्यांत निरनिराळ्या मापांचीं दहा भोकें असतात. सायकलीचा बहुतेक कोणताही नट त्यांपैकीं एका भोकांत बसतो. भोकें दहा असलीं तरी काम एकच आहे, नट फिरविण्याचें. आणि त्या कामास लागणारी लांब मूठ सर्वांत सामाईक आहे. शिवाय भोकें चांगलीं खोल असल्यामुळें नटास तीं पुरतीं कवेंत घेतात. हा पाना कांहीं फार नाजूक कारागिरीचा नसतो आणि किंमतही बेताचीच. तरी तो वर्षानुवर्षें काम देतो.

आतां या कसोटीवर मुलांच्या कार्डाकडे पाहूं. त्याचें माप कोणत्या कामावरून ठरलें? कोणत्याही कामावरून नाहीं. बँकेच्या कार्डाचें ठरलेलें आंतरराष्ट्रीय माप ८५.६० मिलिमीटर लांब व ५३.९८ मिलिमीटर रुंद असें आहे. पाकिटांतले कप्पे त्या मापाचे शिवले जातात. आणि हत्यार त्या कप्प्यांत मावावें म्हणून तें त्या आकाराचें कापलें जातें. विळीचें अंग कामानें घडविलें, पान्याचें अंग कामानें घडविलें. कार्डाचें अंग खिशानें घडविलें आहे. आमचा जो कांहीं आक्षेप आहे तो सर्व या एका गोष्टींतून निघतो.

दहाव्या इयत्तेच्या मुलांस आम्हीं हें वर्गांतच करून दाखविलें. एका बाकाच्या पायाचा दहा मिलिमीटर मापाचा नट सैल करावयाचा होता. प्रथम एका विद्यार्थ्याचें कार्ड घेतलें. नटाची उंची सुमारें पांच मिलिमीटर, कार्डाची जाडी दोन; म्हणजे नटाचा निम्म्याहून अधिक भाग भोकाबाहेरच राहिला. वर्गांतल्या सर्वांत दणकट मुलानें जोर लाविला तेव्हां कार्ड वांकडें होऊन नटाच्या कोनांवरून घसरलें, आणि नटाच्या कडा मात्र चकाकूं लागल्या. आणखी दोनदां असें झालें असतें तर तो नट कोणत्याच पान्यास दाद देता ना. मग डंबेल पाना आणविला आणि सहावीच्या एका लहानग्यास बोलाविलें. नट सुटला. विज्ञानाच्या पुस्तकांत बलाचें आघूर्ण म्हणून जें प्रकरण आहे तें मुलांना त्या दिवशीं फळ्यापेक्षां अधिक समजलें असावें. पन्नास न्यूटन जोर तीन सेंटिमीटर अंतरावर लाविला तर पिळण्याची शक्ति दीड न्यूटन-मीटर होते. तोच जोर पंधरा सेंटिमीटरवर लाविला तर साडेसात होते. शक्ति अंगांत पांचपट वाढली नाहीं, मूठ लांब झाली एवढेंच.

कार्डावरच्या इतर अवयवांचीही थोडीबहुत हीच कथा आहे. करवतीचे दाते सुतार एक डावीकडे व एक उजवीकडे असे किंचित् वांकवितो, म्हणजे लाकडांत पडणारी चीर पात्यापेक्षां रुंद होते आणि करवत अडकत नाहीं. कार्डाचे दाते सरळ पत्र्यांतूनच कापलेले. बोटभर जाडीच्या फांदींतही तें चार-सहा ओढींनंतर आवळून बसतें. धारेची गोष्ट निराळी आहे. ती पोलादावर आणि त्याला दिलेल्या पाण्यावर अवलंबून असते. आमचा गांवचा लोहार कोयत्याचें पातें तापवून, योग्य रंग येतांच पाण्यांत बुडवून पाणी देतो, आणि त्या एका क्षणावर पुढील वर्षभराची धार ठरते. न गंजणाऱ्या पोलादालाही असें तापवून थंड करण्याचें शास्त्र आहे, आणि तें नीट केलें तर धार उत्तम राहते. परंतु दोन वह्यांच्या किमतींत पत्रा, सांचा, वेष्टन, वाहतूक आणि दुकानदाराचा नफा हीं सर्व बसवावयाचीं म्हटल्यावर या संस्काराच्या वांट्यास काय उरणार? कांहीं कार्डांवर दिशा ओळखण्याच्या म्हणून रेघा कोरलेल्या असतात. त्यांत लोहचुंबक नसतो. अकरांचा आंकडा भरून काढण्यास त्याही मोजल्या जातात!

हीच अडचण खऱ्या कारागिरांनाही होती, आणि त्यांनीं ती कशी सोडविली हें समजून घेण्याजोगें आहे. १८८४ सालीं स्वित्झर्लंडांतील इबाख या गांवीं कार्ल एल्सेनर यानें चाकूसुऱ्यांचा कारखाना काढला. (याच देशांतील बासेल शहराच्या मिशननें १८६५ मध्यें मंगळूरास कौलांचा कारखाना काढला होता, कोंकणांतील व गोव्यांतील घरें त्या जातीच्या कौलांनीं शाकारलेलीं आमच्या पुष्कळ वाचकांनीं पाहिलीं असतील.) स्विस सैन्याला त्या सुमारास १८८९ सालची नवी बंदूक मिळाली होती. ती उघडून साफ करण्यास शिपायाला स्क्रूड्रायव्हर लागे, आणि डबाबंद अन्न उघडण्यास फोडणी लागे. म्हणून पातें, दाभण, डबा उघडण्याची फोडणी आणि स्क्रूड्रायव्हर असा चार अवयवांचा चाकू ठरविण्यांत आला. पहिले चाकू जर्मनींतील झोलिंगेनहून आणावे लागले. आपल्या सैन्याचा चाकू परदेशांत व्हावा हें एल्सेनरला रुचेना. त्यानें देशांतील धंदेबंधु एकत्र केले आणि १८९१ सालीं आपले चाकू सैन्यास दिले. परंतु झोलिंगेनचा माल स्वस्त पडे. सहकारी एकामागून एक बाजूला झाले आणि एल्सेनर कर्जांत बुडाला. त्यांतून त्याला तारलें तें त्यानें १८९७ सालीं १२ जून रोजीं नोंदविलेल्या नव्या, हलक्या चाकूनें. एकाच स्प्रिंगेच्या दोन्ही बाजूंस हत्यारें बसविण्याची युक्ति त्यांत होती, आणि दुसरें लहान पातें व बूच काढण्याचा मळसूत्री आंकडा यांची भर पडली होती. १९०९ सालीं त्याची आई व्हिक्टोरिया निवर्तली, तेव्हां त्यानें तिचें नांव आपल्या मालास दिलें. पुढें १९२१ सालीं न गंजणाऱ्या पोलादाचें ‘इनॉक्स’ हें नांव त्यास जोडून ‘व्हिक्टोरिनॉक्स’ झालें.

आम्ही हा इतिहास एल्सेनरची जाहिरात करण्यासाठीं सांगत नाहीं. त्या चाकूंत पाहण्यासारखी गोष्ट अशी कीं, एक हत्यार उघडलें असतां बाकीचीं सगळीं मिटून मूठ बनतात. हातांत धरावयास गोल, गुळगुळीत, मुठींत मावणारें अंग राहतें. टिम लेदरमन या अमेरिकनानें १९७५ सालीं युरोपांत जुन्या मोटारींतून प्रवास करतांना आपल्या खिशांतल्या चाकूला पक्कड असती तर बरें, असें मनांत आणिलें, आणि पुष्कळ वर्षांच्या खटपटीनंतर १९८३ सालीं त्याचें हत्यार बाजारांत आलें. त्यांतही पकडीचे दोन लांब दांडे हींच इतर हत्यारांचीं घरें आहेत. दोघांनींही प्रथम मुठीचा प्रश्न सोडविला आणि मग हत्यारें मोजलीं.

येथें कोणी म्हणेल कीं, मग चपटें व लहान हत्यार निरुपयोगीच म्हणावयाचें काय? तसें नाहीं. १९४२ सालीं अमेरिकन सैन्यासाठीं डबा उघडण्याचें जें एक चिमुकलें उपकरण निघालें तें चार सेंटिमीटरहूनही कमी लांबीचें होतें. ‘पी-३८’ या नांवानें तें प्रसिद्ध आहे. त्याची खांच डब्याच्या कांठाखालीं अडकते, आणि पुढें मागें डोलविलें म्हणजे पातें पत्रा कापीत जातें. मूठ नसूनही तें चालतें, कारण टेंकू डब्यानेंच दिलेला असतो. जेथें वस्तु स्वतः टेंकू देते, तेथें लहान हत्यार पुरतें. मुलांच्या कार्डाचें जें अंग खरोखर काम करतें तें याच नियमानें करतें. बाटलीचें बूच त्यानें निघतें. घट्ट बसलेलें डब्याचें झांकण उचकटतां येतें. खेळण्याच्या बॅटरीच्या झांकणाचा स्क्रू सुटतो. पार्सलावरची चिकटपट्टी फाडतां येते. आणि वही आंखतांना पट्टी घरीं राहिली असली तर तीही गरज भागते. अकरांपैकीं चार-पांच कामें म्हणजे, आमच्या मतें, दोन वह्यांच्या किमतीस वाईट सौदा नव्हे. मात्र चार-पांचांची किंमत देऊन चार-पांच मिळालीं असें समजावें, अकरा मिळालीं असें समजूं नये.

आतां जप्तीचा प्रश्न. येथें आम्ही त्या दुसऱ्या गृहस्थांच्या पुष्कळ जवळ आहों, पण त्यांनीं दिलेल्या कारणासाठीं नव्हे. मुलें मारामारी करतील अशी त्यांना भीति वाटते. मारामारी करणारास कंपासपेटींतील कर्कटकही पुरतें. आमची भीति साधी आहे. चाकूचें पातें मिटतां येतें. कार्डाची धार मिटत नाहीं. ज्या बाजूनें स्क्रू फिरवावयाचा तिच्या समोरची बाजू तळहातांत येते, आणि पुष्कळ कार्डांत ती बाजू धारेची किंवा करवतीची असते. जोर जितका अधिक लावावा तितकें तें पोलाद स्वतःच्याच हातांत रुततें. सोबत मिळणारें प्लॅस्टिकचें पाकीट महिन्याभरांत फाटतें, आणि मग खिशांत हात घालणें हेंच धाडस होऊन बसतें. धंदेवाईक सुतारही उघड्या पटाशीवर हात टेकवून काम करीत नाहीं.

याहूनही गंभीर अशी एक गोष्ट पालकांनीं मुलांना अवश्य बजावून सांगावी. घरांतल्या विजेच्या भिंतींतील सॉकेटाशीं, पंख्याच्या बटणाशीं किंवा इस्त्रीच्या तारेशीं हें कार्ड कदापि नेऊं नये. तें सबंध पोलादाचें आहे. त्याला लाकडाची वा प्लॅस्टिकची मूठ नाहीं. आपल्या घरांतील वीज सुमारें २३० व्होल्टांची असते आणि ती माणसाचा प्राण घेण्यास पुरेशी आहे. विजेच्या कामासाठीं घरोघर जो टेस्टर असतो त्याच्या दांड्यावर प्लॅस्टिकचें आवरण कशासाठीं असतें, हें मुलाला विचारून पाहावें. तोही स्विच बंद केल्यावांचून हातीं घेऊं देऊं नये. प्रवासाला विमानानें जाणाऱ्यांनीं एवढें ध्यानांत ठेवावें कीं, धारेचें कार्ड हातच्या सामानांत चालत नाहीं. तपासणीच्या वेळीं तें काढून घेतात. पाकिटांत आहे हें विसरलें जातें, आणि विमानतळावर खिसे उलटे करण्याची पाळी येते.

इतकें असूनही आम्हांस सरसकट जप्ती पसंत नाहीं, आणि त्याचें कारण पालकांना कदाचित् आवडणार नाहीं. हें कार्ड विकत घेणाऱ्या मुलाच्या मनांत एक चांगली इच्छा आहे: कांहीं मोडलें तर तें आपल्याला दुरुस्त करतां यावें. घरीं त्या इच्छेचें आपण काय करतों? सायकलीची साखळी उतरली तर मुलगा ती हातांत धरून चालत घरीं येतो, कारण हात काळे झाले तर आई रागावेल. खुर्चीचा स्क्रू सैल झाला तर खुर्ची कोपऱ्यांत जाते. टॉर्च बंद पडली तर नवी येते. अभ्यासाच्या वेळीं मुलानें पाना हातीं घेतला तर तो वेळ वायां गेला असें आपण समजतों. अशा घरांतला मुलगा मग कांहींतरी करण्याची तयारी म्हणून अकरा हत्यारांचें कार्ड विकत घेतो, पाकिटांत ठेवितो, आणि तयारी झाली असें समाधान मानतो. तें समाधान विकणारे त्यांच्या धंद्यांत हुशार आहेत. पण गिऱ्हाईक त्यांच्यासाठीं आपणच घडवून ठेविलें आहे.

आणखी एक गोष्ट आमच्या नजरेस आली. हें कार्ड मुलींच्या पाकिटांत आम्हांस अजून दिसलें नाहीं, आणि घरीं नादुरुस्त वस्तु पुढें आली म्हणजे मुलींना कोणी हांकही मारीत नाहीं. जी मुलगी विळीवर बसून, बोट न कापतां, पावशेर कांदा पातळ चिरते, तिच्या हाताला धारेची आणि जोराची जाण आमच्या दहावीच्या पैलवानापेक्षां अधिक आहे. तिला स्क्रू फिरवितां येणार नाहीं असें आपण कां धरून चालतों?

म्हणून त्या पहिल्या गृहस्थांस आमचें सांगणें असें: तेवढेच पैसे खर्चून मुलाला किंवा मुलीला एक डंबेल पाना घेऊन द्या, आणि थोडे अधिक असतील तर चांगल्या मुठीचा एक स्क्रूड्रायव्हर. तीं पाकिटांत मावणार नाहींत. घरांत एका डब्यांत राहूं द्या. रविवारीं अर्धा तास सायकल उलटी करून ठेवा आणि चाकाचे नट सोडून पुन्हां बसवावयास सांगा. आपण शेजारीं बसा, हात लावूं नका. खिशांत कांहीं हवेंच असेल तर किल्ल्यांना लावण्याचा नखकातर घ्या. त्याला कानस असते, कित्येकांस बूच काढण्याची खांचही असते, आणि तो मिटतो.

ज्या विद्यार्थ्यांनीं कार्ड आधींच घेतलें आहे त्यांनीं तें लपवीत बसूं नये. धार नसलेलें कार्ड शाळेंत आणण्यास आमची हरकत असणार नाहीं. धारेचें असल्यास शनिवारीं शाळा सुटल्यावर, आईवडिलांची परवानगी घेऊन, तें हस्तव्यवसायाच्या खोलींत घेऊन यावें. तेथें शेगड्यांत कार्ड पक्कें धरून आम्ही तुमच्याच हातांत कानस देऊं, आणि ती धार तुम्हींच मोडावी. कानस पोलादांत सहज रुतूं लागली तर समजावें कीं, या धारेची फार दिवस आशा नव्हतीच. आणि कानस वरच्यावर घसरूं लागली, तर पोलादाला पाणी बरें दिलेलें आहे. मग तें कार्ड तसेंच घरीं परत न्यावें आणि आईच्या स्वाधीन करावें.